कोपरमधलं यरीहो

सोमवार ते शनिवार मी ठाण्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात माणसांच्या डोळ्यांत थेंब घालते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब. ते घातले की अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसावं लागतं. बाकावर ओळीने दहा-बारा जण डोळे मिटून बसलेले असतात. कुणी मान टाकलेली असते, कुणी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असतं, आणि त्यांच्याकडे बघता बघता मलाही गुंगी येते. झोप नव्हे. जागेपणीच मी कुठेतरी जाऊन येते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "औषध पेशंटच्या डोळ्यांत घालता की स्वतःच्या?" मी हसून वेळ मारून नेते. खरं म्हणजे त्या पाऊण तासात माझी रविवारची तयारी चाललेली असते.

रविवारी मी संडे स्कूल घेते. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, मोजकीच आहेत. स्वतःची इमारत नाही. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे, तिथे सकाळी साडेआठ ते साडेनऊ मुलांचा वर्ग आणि मग मोठ्यांची उपासना. आठवडाभर त्याच हॉलमध्ये दहावीचे क्लास चालतात. फळ्यावर वर्गसमीकरणं असतात आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पुसू नये'. मी पुसत नाही. त्या समीकरणांवर निळं फ्लॅनेलचं कापड टांगते आणि त्याला कापडाची चित्रं चिकटवते. मेंढरं, उंट, होड्या, एक भला मोठा मासा. दाढीवाले म्हातारे माझ्याकडे तीनच आहेत, त्यामुळे एकालाच कधी नोहा व्हावं लागतं, कधी अब्राहाम, कधी मोशे. मुलं बनेल असतात. "टीचर, हा गेल्या रविवारी मेलेला ना?" असं विचारून भर वर्गात माझी फजिती करतात.

गोष्टी मला लहानपणी जशा लागल्या तशाच मी सांगते. माझं माहेर नगरकडचं. आमच्या गावच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) एक बाई गोष्टी सांगायच्या, आणि मला वाटायचं, हे सगळं आमच्या डोंगराच्या पलीकडेच घडलंय. ती सवय काही गेली नाही. लग्न होऊन इकडे आले तेव्हा कोपरची खाडी बघितली आणि मनात म्हटलं, हे बायबलातलं गालीलचं सरोवर. मंडळीची सहल खडवलीला जायची, तिथल्या नदीत पाय सोडून बसले की मला ती यार्देन वाटायची. कल्याणचा बाजार माझ्या डोक्यात मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, बाजार आहे, योसेफाला तिथेच कुठेतरी गुलाम म्हणून विकला. पन्नाशी उलटलेल्या बाईने असं बोलू नये, कळतं मला. पण गोष्ट सांगताना 'असं म्हणतात' म्हणायला माझी जीभ वळत नाही. घडलं म्हणजे घडलं.

आता त्या मुलीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्याचसाठी लिहायला बसले आहे.

ती त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. तेव्हा दुसरीत होती. आमच्या मंडळीतली नव्हे, घरचे मूळचे रत्नागिरीकडचे, गणपतीला न चुकता गावी जाणारे. आधी ती जिन्यात बसून खिडकीच्या जाळीतून आमच्या वर्गात डोकवायची आणि आतल्या मुलांच्या आधी उत्तरं द्यायची. एका रविवारी तिची आई ओल्या हाताने खाली आली.

"टीचर, आमची पोरगी तुमच्यात येऊन बसली तर चालेल का ओ? दर रविवारी डोकं खाते माझं."

मी त्यांना स्वच्छ सांगितलं, इथे येशूच्या गोष्टी होतात, प्रार्थना होते, तिने प्रार्थना केलीच पाहिजे असं काही नाही, आणि तिच्या बाबांना विचारून काय ते ठरवा.

"गोष्टीच ना? ऐकू दे की," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारलंय मी. ते म्हणाले, निदान घरात तरी तासभर शांतता."

शांततेचं कारण पुढच्याच रविवारी कळलं. असा आवाज मी एवढ्याशा गळ्यातून कधी ऐकला नव्हता. गाणं सुरू झालं की बाकी सोळा मुलं एकीकडे आणि ही एकीकडे. सूर नव्हताच, नुसता आनंद होता. वर कुणाच्या घरी कुकरची शिट्टी व्हायची ती ऐकू यायची नाही. मी म्हणायचे, "अगं हळू, देव बहिरा नाहीये." तर म्हणायची, "पण लांब आहे ना!" खरं सांगते, आठवड्यातल्या कुठल्याही आवाजापेक्षा मला तो आवाज लाडका होता, आणि टीचरने लाडकं कुणी ठेवू नये हे ठाऊक असूनही होता.

मार्चमधल्या एका रविवारी यरीहोचा धडा आला. गोष्ट थोडक्यात अशी, की यरीहो नावाचं मोठ्या तटबंदीचं शहर होतं. देवाने आपल्या लोकांना सांगितलं, लढू नका, नुसते भोवती फिरा. सहा दिवस रोज एक फेरी, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. सातव्या दिवशी सात फेऱ्या, आणि मग कर्णे वाजले की सगळ्यांनी मिळून एकच आरोळी. लोक तसं वागले आणि तट कोसळला.

एरवी मी यरीहो हॉलमध्येच पाडते. वाण्याकडून बिस्किटांची रिकामी खोकी आणायची, त्यांचा गोल कोट रचायचा, मुलांनी त्याच्याभोवती फिरायचं, आरोळी झाली की मी हळूच सुतळी ओढायची. खोकी धडाधड पडतात, मुलं खूश. या खेपेला मी खोकी शनिवारीच आणून कोपऱ्यात ठेवलेली आणि क्लासवाल्यांच्या शिपायाने ती रद्दी समजून देऊन टाकलेली. सतरा मुलं माझ्याकडे बघत उभी होती. फळ्यावर समीकरणं होती. आणि मला वाटलं, इमारत आहे ना! चार बाजू, सगळीकडून चालायला वाट, यापेक्षा चांगलं यरीहो कुठे मिळणार?

म्हणजे मोठा शोधच लावला मी.

आम्ही बाहेर आलो. नियम एकच, सहा फेऱ्या तोंड बंद. सातवी झाली की मी हात वर करेन, मग ओरडायचं. इमारतीच्या मागून जाणारी वाट अरुंद होती. एका बाजूला गटाराच्या फरशा, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये पंपाची खोली आणि कुणाच्या तरी गंजलेल्या सायकली. मुलं एकामागे एक निघाली आणि मी शेवटी. पहिल्या फेरीत खुसखुस झाली, दुसऱ्या फेरीत एकाला उचकी लागली. तिसऱ्या फेरीपासून मात्र काहीतरी झालं. आवाज थांबले ते थांबलेच. चपला काढून हातात घेतल्या होत्या कुणी कुणी. वरच्या खिडक्यांतून रविवार उतरत होता, कुठे वाटणाचा खमंग वास, कुठे रेडिओ, कुठे धुतलेल्या कपड्यांचं ठिबकणारं पाणी. प्रत्येक वळणावर ऊन यायचं आणि पुढच्या वळणावर सावली. मी पाचव्या फेरीत होते की सहाव्या, तेही विसरले. आपण इमारतीभोवती फिरतोय की इमारत आपल्याभोवती, असं वाटायला लागलं. माझ्यापुढे ती मुलगी होती, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून चाललेली, आतल्या आवाजाने गाल फुगलेले. तिच्यासाठी ती केवढी तपश्चर्या होती!

सातवी फेरी संपली. मी हात वर केला. मुलं थबकली. आरोळी म्हणजे नेमकं काय ओरडायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

"टीचर, काय ओरडायचं?" तिनेच विचारलं.

मी गुंगीतच होते. म्हटलं, "ओरडा, पड!"

सतरा पोरांनी एका दमात "पऽऽड" केलं. तिचा आवाज सगळ्यांच्या वर. खिडक्या उघडल्या. पहिल्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "कोण पडलं? काय पडलं?" आम्ही पळत आत आलो आणि पोट धरून हसलो. मग तिने हात वर केला.

"टीचर, त्यांची भिंत खरंच पडली?"

"खरंच पडली."

"ओरडल्यामुळे?"

"अगदी अश्शीच," मी म्हटलं. धडा छान झाला या आनंदात.

दोन आठवड्यांनी त्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, छताचं प्लास्टर कोसळलं. भर दुपारी. कुणाला लागलं नाही, पण सळया उघड्या पडल्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. आणि त्याच आठवड्यात पालिकेची माणसं येऊन दर्शनी भिंतीवर नोटीस लावून गेली. इमारत धोकादायक आहे, पावसाळ्याआधी रिकामी करावी.

आमच्याकडे हे नवीन नाही. दर उन्हाळ्यात अशा याद्या निघतात, लोक त्या वाचतात, त्यात आपली इमारत नाही ना बघतात आणि पान उलटतात. या इमारतीची तपासणीही दिवाळीच्या सुटीतच झाली होती. इंजिनिअर हातोडीने खांब ठोकून गेला होता, प्रत्येक खांबावर लाल रंगात आकडा टाकून. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी कानाडोळा केला होता, आमच्या मंडळीनेसुद्धा. त्यामुळे नोटीस लागली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हॉल आता कुठे शोधायचा, एवढाच. यरीहो माझ्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं.

पुढच्या रविवारी ती वर्गात आली, पण गायली नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, घसा बसलाय. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. प्रश्न विचारला तर बाकावरून उठून माझ्या कानाशी येऊन उत्तर द्यायची, बरोबर उत्तर, पण फुंकर मारल्यासारखं. जिन्यात तिची आई भेटली. "काय झालंय काय माहीत," त्या म्हणाल्या. "घरातपण असंच कुजबुजते. शाळेतनं चिठ्ठी आलीय. डॉक्टरला दाखवलं, घसा एकदम ओके. घर सोडायचं म्हणून घाबरली असेल, दुसरं काय!" मीही मान डोलावली. दुसरं काय.

तिसऱ्या रविवारी मी लवकर आले. उन्हं नुकती वर येत होती. हॉलचं कुलूप उघडत होते तर मागच्या वाटेवरून कुणीतरी पाठमोरं येताना दिसलं. ती होती. उलटी चालत होती, चवडा आधी टेकवत, एक हात भिंतीला लावून, दुसऱ्या हाताने तोंड दाबून. मला बघितलं तरी थांबली नाही. वळणावरून दिसेनाशी झाली आणि पुन्हा पलीकडून आली. मी "काय गं, नवा खेळ का?" असं विचारलं तर तिने नुसती मान हलवली. मी पायरीवर बसून राहिले. तिसऱ्यांदा आली, चौथ्यांदा आली. तेव्हा मला कळलं.

सातवी उलटी फेरी संपवून ती भिंतीशी उभी राहिली, कपाळ भिंतीला टेकवलं आणि अगदी हळू म्हणाली, "नको पडू."

मग माझ्याकडे येऊन कानात म्हणाली, "टीचर, सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलेली."

मी तिला जवळ घेतलं. बडबडले काहीबाही. अगं, इमारती म्हाताऱ्या होतात, लोखंड गंजतं, अशी काही ओरडून घरं पडतात का? ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता हिशेब चुकल्यासारखं काहीतरी होतं. "तुम्ही बोललेलात ना, खरंच पडली म्हणून," ती कुजबुजली. "अगदी अश्शीच."

मी तिला खांबावरचे लाल आकडे दाखवले. हे बघ, हे तू ओरडायच्या खूप आधीचे, इंजिनिअरकाका येऊन गेले होते. तिने आकड्यांवर बोट फिरवलं. "मग तेव्हा का नाही पडली?" तिने विचारलं. बाकीची मुलं यायला लागली होती. मी फ्लॅनेल टांगायला आत गेले.

उपासना झाल्यावर मी आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, गाठलं आणि सगळं सांगितलं. ते मोठे सज्जन आहेत. विचार करून म्हणाले, "ताई, लेकराला सांगा, तट देवाने पाडला. मुलांच्या आरोळीने काही होत नसतं."

"म्हणजे तिचं घर देव पाडतोय, असं सांगू?" मी ताडकन म्हटलं. माझा राग त्यांच्यावर नव्हता, पण निघाला त्यांच्यावर.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि ताई, हे वरच्या मजल्यांवर कुणाला सध्या बोलू नका. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. पण लोक म्हणतील, चर्चवाल्यांनी इमारतीभोवती फेऱ्या घालून पड म्हणून शाप दिला. दिवस बरे नाहीत."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भीती मलाही वाटली होती, त्यांनी फक्त ती बोलून दाखवली. आणि मला गप्प राहायला कारण मिळालं, तेच हवं होतं. मी तीन आठवडे तोंडात मूग गिळून बसले. दर रविवारी ती मुलगी ओठ हलवत गाण्याला उभी राहायची. दर रविवारी तिची आई जिन्यात भेटायची, सांगायची, आता रात्री अंथरूण ओलं करते, आता दार आपटलं की रडते, आता तिच्या बाबांनी मोठ्याने हाक मारली तरी त्यांच्या तोंडावर हात ठेवते. मी ऐकायचे. "होईल सगळं ठीक, आम्ही प्रार्थना करतोय," असं म्हणायचे. प्रार्थना करत होतेही. पण देवासमोर बसलं की मला ते दोन फुगलेले गाल दिसायचे आणि माझीच वाचा बसायची.

त्या दिवसांत दवाखान्यातही माझी गुंगी गेली. बाकावर माणसं डोळे मिटून बसायची आणि मी टक्क जागी. एका दुपारी एक आजोबा डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले, "अजून किती वेळ ओ बाई? काळोखात बसवत नाही." मी "दहाच मिनिटं," म्हटलं आणि मला एकदम वाटलं, आपण त्या पोरीला किती दिवस बसवून ठेवलंय. त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरळ त्यांच्याकडे गेले.

दार उघडंच होतं. निम्मं सामान बांधून झालं होतं. त्यांना आंबिवलीला भाड्याने जागा मिळाली होती. मुलगी खाली खेळायला गेली होती, म्हणजे खाली कुठेतरी गप्प बसली असणार. तिची आई जमिनीवर बसून भांडी जुन्या साड्यांत गुंडाळत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खोकी, फेऱ्या, 'पड', 'अगदी अश्शीच', उलट्या फेऱ्या. काही गाळलं नाही. त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"कधी कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

त्या तिथल्या तिथे भांडल्या असत्या, शेजाऱ्यांना बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"ओरडायला सांगितलंत त्याचं काही नाही ओ टीचर," शेवटी त्या म्हणाल्या. "पोरांचा खेळ, मीपण खिडकीतनं बघून हसलेली त्या दिवशी. पण तीन आठवडे? मी दर रविवारी तुम्हाला सांगत होती. दर रविवारी! डॉक्टरकडे फिरवतेय, नजर काढतेय, आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"घाबरले," मी म्हटलं.

"कुणाला?"

तुम्हाला, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"आता तुम्हीच सांगा तिला. मी सांगितलेलं तिला पटणार नाही. तिला तुमचंच सगळं खरं वाटतं."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच लागलं.

रविवारी त्यांचा टेम्पो यायचा होता. आमचाही त्या हॉलमधला शेवटचा रविवार, पण त्या दिवशी वर्ग झालाच नाही. इमारतीतली बरीच घरं एकदम निघाली होती. खाली कपाटं, गाद्या, तुळशीच्या कुंड्या, कुणाचं शिवणयंत्र, सगळं उन्हात मांडलेलं. घरांची पोटं बाहेर आल्यावर माणसं जराशी लाजतात, तशी सगळी एकमेकांकडे न बघता ये-जा करत होती. आमची मुलं मदतीला लागली होती. ती मुलगी भिंतीशी उभी होती, पाठीला शाळेचं दप्तर, हात भिंतीवर. आजारी माणसाच्या अंगावर ठेवावा तसा.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. गुडघे कुरकुरले.

"हे बघ," मी म्हटलं, "पड म्हणायला कुणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे बोट केलं.

"तुझ्या मनात होतं का, पडावी म्हणून?"

मान हलली. नाही.

"मग तू काहीच केलेलं नाहीस. खेळ माझा, शब्द माझा. आणि 'अगदी अश्शीच' म्हटलं तेही माझं चुकलं. मी तिथे नव्हते गं. मला फक्त गोष्ट माहीत आहे. ती मला फार आवडते म्हणून मी तसं म्हटलं. तुझ्या ओरडण्याने काही पडत नाही. चूक असली तर ती माझी आहे, तुझी नाही."

हे बोलताना मला रडू आलं. संडे स्कूलच्या एकवीस वर्षांत मी मुलांपुढे कधी 'मला माहीत नाही' म्हटलं नव्हतं. ती माझ्याकडे निरखून बघत होती, आणि त्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल व्हायला लागलं. मग तिने माझा हात धरला, उचलला आणि भिंतीवर ठेवला.

"मग तुम्ही तिला सॉरी बोला," ती कुजबुजली.

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. सेक्रेटरी होते, दारात पाळकसाहेब उभे होते. टेम्पोवाला दोऱ्या आवळत होता. तिची आई शेगडी उचलून जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या उतरत होती. भिंत उन्हाने तापली होती. मी इकडेतिकडे बघून घेतलं आणि हळूच म्हटलं, "सॉरी."

तिने मान हलवली. "जोरात."

मी जरा मोठ्याने म्हटलं. सेक्रेटरींनी वळून बघितलं. माझे कान तापले.

"तिला नाही ऐकू गेलं," ती म्हणाली. ते कुजबुजणं नव्हतं. घोगरं होतं, बरेच दिवस न वापरलेलं, पण आवाज होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या घशातून काही निघेचना. पन्नाशीची बाई, भर गर्दीत एका भिंतीला हात लावून उभी.

"अहो टीचर, जोरात बोला ना!" ती ओरडली.

पूर्ण गळ्याने ओरडली. पंपाच्या खोलीवरची कबुतरं उडाली. टेम्पोवाल्याचे हात थांबले, सेक्रेटरी थांबले, सगळे थांबले. तिने दचकून स्वतःच्या तोंडावर हात नेला आणि मान वर करून चारही मजले बघितले, पार गच्चीपर्यंत. काही पडलं नाही. तिने हात खाली घेतला.

तिच्या आईने शेगडी पायरीवर ठेवली आणि त्या तिथेच खाली बसल्या. "परत," त्या म्हणाल्या. "परत ओरड गं बाय."